बलांच्या चौकोनाची कुळकथा

उभ्या लाकडी फळीच्या माथ्यावर दोन कप्प्या बसविलेल्या, त्यांवरून टाकलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना वजने लटकविलेली आणि मध्ये गाठ मारून तिथून तिसरे वजन सोडलेले, अशी जी मांडणी आपल्याकडील प्रयोगशाळांत अकरावीच्या विद्यार्थ्यांपुढे येते, तिला ग्रेव्हसँडचे उपकरण म्हणतात. दोऱ्यामागे आरशाची पट्टी धरावयाची, दोरा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की कागदावर टिंब द्यावयाचे, टिंबे जोडून वजनांच्या प्रमाणात रेषा आखावयाच्या, समांतरभुज चौकोन पुरा करावयाचा आणि त्याचा कर्ण तिसऱ्या वजनाइतका भरतो की नाही हे पाहावयाचे, असा हा प्रयोग. कप्पीतील घर्षणामुळे कर्ण थोडा कमीजास्त भरतो, तरी नियम पडताळला गेल्याची नोंद वहीत होते. ज्याचे नाव या उपकरणाला चिकटले तो ग्रेव्हसँड हॉलंडातील लायडन विद्यापीठात १७१७ पासून अध्यापक होता, आणि न्यूटनचे यंत्रशास्त्र उपकरणांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावे हा त्याचा ध्यास होता. परंतु नियमाच्या मूळ पुरुषाचा शोध घ्यावयाचा तर त्याच गावाच्या दप्तरात आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

एकाच वस्तूला दोन गती एकदम मिळाल्या तर ती चौकोनाच्या कर्णावरून जाते, हे प्राचीन ग्रीक यंत्रविचारात आलेले आहे. गती डोळ्यांना दिसते, तिचा मार्ग वाळूत काढून दाखविता येतो. परंतु वस्तू जागची हलत नसताना तिच्यावर जी ओढ किंवा दाब असतो त्यालाही हाच चौकोन लागू पडेल, असे म्हणण्याला आधार कोणता? या प्रश्नाची सारी अडचण उतरणीवरच्या ओझ्यात साठलेली होती. उतरणीवर ओझे धरून ठेवावयास ते उचलण्यापेक्षा कमी जोर लागतो हे प्रत्येक हमालाला ठाऊक होते. किती कमी, याचे ग्रीक गणिती पॅपसने दिलेले उत्तर मात्र चुकले. तेराव्या शतकात जॉर्डानस या गणितज्ञाच्या परंपरेतील एका ग्रंथात बरोबर उत्तर आले खरे, पण ज्या युक्तिवादाने ते निःसंशय पटावे तो सापडला सायमन स्टेव्हिनला.

ब्रूज येथे १५४८ साली जन्मलेला, हिशेबनीस म्हणून कारकीर्द सुरू केलेला आणि पुढे डच सेनापती नासाऊचा मॉरिस याच्या पदरी अभियंता म्हणून नावाजलेला हा गृहस्थ १५८६ साली लायडन येथे वजनांच्या शास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करता झाला, आणि तो त्याने विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता आपल्या डच मायबोलीत लिहिला. त्यातील युक्तिवाद असा. एक त्रिकोणी ठोकळा घ्यावा. त्याचा पाया सपाट असावा आणि वरच्या दोन बाजूंपैकी एक दुसरीच्या दुप्पट लांब असावी. सारख्या वजनाचे चौदा गोळे सारख्या अंतरावर ओवून त्यांची माळ या ठोकळ्यावरून टाकावी. लांब बाजूवर चार गोळे येतील, आखूड बाजूवर दोन येतील, आणि उरलेले आठ खाली झोळीसारखे लोंबतील. आता चार गोळे दोहोंना ओढून नेतील काय? नेऊ लागले तर माळ सरकेल. परंतु एका गोळ्याच्या अंतराइतकी ती सरकताच मांडणी पुन्हा पहिल्यासारखीच होईल, पुन्हा चार, पुन्हा दोन, पुन्हा आठ, आणि मग माळेला थांबण्याचे कारणच उरणार नाही. कोणी हात न लावता माळ अखंड फिरत राहील, हे स्टेव्हिनला कबूल नव्हते. म्हणून माळ स्थिरच राहिली पाहिजे. खालचे आठ गोळे दोन्ही बाजूंना सारखेच ओढतात, तेव्हा ते काढून टाकले तरी समतोल बिघडत नाही. उरले चार आणि दोन: वजने जर उतरणींच्या लांबीच्या प्रमाणात असतील तर ती एकमेकांना तोलून धरतात.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अद्याप अडीच शतके दूर असताना केवळ एका अशक्यतेच्या खात्रीवर निसर्गातील प्रमाण काढून दाखविणाऱ्या या युक्तिवादाइतका निर्मळ युक्तिवाद यंत्रशास्त्रात मला दुसरा आढळलेला नाही. स्वतः स्टेव्हिनलाही तो इतका प्रिय होता की त्याने माळेचे चित्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापले. पुढील लेखनात त्याने तिरप्या दोऱ्यांनी तोललेल्या ओझ्यांचे गणितही याच आधारावर मांडले. बलाला लांबी आणि दिशा देऊन रेषेने दाखविण्याची वहिवाट येथून रुजली.

गतीची बाजू गॅलिलिओने संपविली. आर्चेत्री येथे नजरकैदेत असताना लिहिलेला त्याचा अखेरचा ग्रंथ इटलीत छापणे शक्य नव्हते, म्हणून तो १६३८ साली छापला गेला तो लायडनमध्येच, एल्झेव्हिरांच्या छापखान्यात. आडवी एकसारखी गती आणि खाली वाढत जाणारी गती एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करीत नाहीत, म्हणून फेकलेल्या वस्तूचा मार्ग परवलय होतो, असे त्याने दाखविले.

हे दोन प्रवाह १६८७ साली एकत्र आले. न्यूटनने आपल्या तीन नियमांच्या पाठोपाठ पहिलाच उपसिद्धान्त मांडला तो बलांच्या चौकोनाचा. एक बल वस्तूला ठराविक वेळात एका बाजूच्या टोकाशी नेते, दुसरे त्याच वेळात दुसऱ्या बाजूच्या टोकाशी. दुसरे बल समोरच्या बाजूला समांतर असल्यामुळे, त्या बाजूकडे पोहोचण्याचा पहिल्या बलाने दिलेला वेग ते बदलू शकत नाही. म्हणून वेळ संपताना वस्तू त्या बाजूवर कोठेतरी असणार. याच न्यायाने ती दुसऱ्या समोरच्या बाजूवरही असणार. दोन्ही बाजू मिळतात त्या कोपऱ्यावाचून तिला अन्य ठाव नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हारिन्यों आणि लामी यांनीही हाच नियम स्वतंत्रपणे मांडला. मात्र डॅनिएल बर्नुलीने १७२६ साली आक्षेप घेतला की गतीचा आधार न घेता बलांचा नियम शुद्ध भूमितीने सिद्ध झाला पाहिजे, आणि तशी सिद्धता देण्याचा प्रयत्न केला; पुढे शंभरावर वर्षे हा वाद गणितज्ञांना पुरला.

आपली पाठ्यपुस्तके सदिशाची व्याख्या प्रथम देतात आणि चौकोनाचा नियम तिच्यामागून आणतात. इतिहासाचा क्रम याच्या नेमका उलट आहे, आणि शिकविण्यासही तोच अधिक योग्य आहे असे माझे मत आहे. माळेचा युक्तिवाद एकदा फळ्यावर उतरला की बाण का बेरजेस येतात हे विद्यार्थ्याला घोकावे लागत नाही. सदिशाला स्वतःचे बीजगणित मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. डब्लिनच्या हॅमिल्टनला १८४३ मध्ये कालव्याकाठी चालताना चतुष्टयींचे, म्हणजे चार घटकांच्या संख्यांचे, सूत्र सुचले, ही कथा सर्वश्रुत आहे. जर्मनीतील श्टेटिन गावचा शाळामास्तर हेर्मान ग्रासमान मात्र आमच्या वाचकांना ठाऊक असला तर वेगळ्याच कारणाने. शिक्षकाच्या परीक्षेसाठी १८४० साली भरती-ओहोटीवर लिहिलेल्या निबंधात त्याने दिशायुक्त रेषांची बेरीज आणि गुणाकार वापरला, आणि १८४४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला. तो इतका दुर्बोध ठरला की न खपलेल्या प्रती प्रकाशकाने अखेर रद्दीत काढल्या. निराश झालेला ग्रासमान संस्कृतकडे वळला. त्याचा ऋग्वेदाचा कोश १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला, आणि वैदिक अभ्यासकांच्या हाती तो अद्यापही असतो. ट्यूबिंगेन विद्यापीठाने १८७६ मध्ये त्याला सन्माननीय पदवी दिली तीही भाषाशास्त्रासाठी. पुढच्याच वर्षी तो निवर्तला.

येल विद्यापीठातील गिब्जने आपल्या विद्यार्थ्यांसाठी १८८१ ते १८८४ दरम्यान जी टिपणे खाजगीरीत्या छापली, त्यांतील सदिशांची मांडणी आज सर्वत्र चालते. तिच्यासाठी त्याने हॅमिल्टनची चतुष्टयी मोडून सोपी केली होती, पण आपली वाट ग्रासमानच्या अधिक जवळची आहे हे ध्यानी येताच त्याने ते उघडपणे नमूद केले आणि भरती-ओहोटीचा तो अप्रकाशित निबंध प्रसिद्ध व्हावा असा आग्रहही धरला. परीक्षकांच्या दप्तरात दाखल झालेला तो निबंध लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, त्याच्या समग्र लेखनाबरोबर, छापला गेला.