कुबा राजाची लाकडी सुरी

आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील कुबा राज्यात सतराव्या शतकात श्याम नावाचा राजा होऊन गेला. त्याने फेकून मारण्याच्या 'शोंगो' सुरीस बंदी करून 'इकुल' ही आखूड, रुंद पात्याची सुरी रूढ केली, असे परंपरा सांगते. इकुल लाकडाचीही घडवीत. एमिल टॉर्डे यांनी १९०९ मध्ये ब्रिटिश म्युझियमसाठी आणलेल्या राजाच्या काष्ठमूर्तीच्या डाव्या हाती तीच आहे. टॉर्डे यांनी वस्तूंबरोबर कथाही टिपल्या, हे विशेष. एरवी संग्राहकांनी कित्येक मानाच्या तलवारींवर 'जल्लादाची तलवार' अशी चिठ्ठी डकविली! दसऱ्याला शस्त्र घासून लखलखीत करण्याची आपली सवय मात्र येथे आवरावी. घडणीच्या खुणा त्याने पुसतात. पात्यास मेणाचा पातळ हात पुरे. हवा कोरडी असावी, पण अति कोरडेपणाने लाकडी मूठ तडकते.