दुसऱ्या प्रश्नाचा अधिकार

कायदेमंडळाच्या कामकाजाचे नियम हा विषय ऐकतांच पुष्कळांस जांभई येईल. परंतु आपल्या प्रतिनिधीस सभागृहांत काय बोलतां येतें, हें ह्या रुक्ष नियमांवरच अवलंबून असतें. समजा, ठाकुर्लीच्या एखाद्या रस्त्याविषयीं सभासदानें प्रश्न केला व "बाब विचाराधीन आहे" असें उत्तर मिळालें. त्यावर "कधींपासून?" असें त्यास लागलींच विचारतां येतें कीं नाहीं? हा दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळण्यास आपल्या इलाख्यास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं.

१८६१ च्या कायद्यान्वयें मुंबईस कायदेमंडळ मिळालें आणि पुढल्याच वर्षीं तें भरूं लागलें. मात्र समोर असलेल्या विधेयकावांचून इतर विषय काढण्याची तेथें मनाई होती. मनाईस कारणही घडलें होतें. १८५४ पासून कलकत्त्यास बसणाऱ्या मंडळानें विलायतच्या पार्लमेंटाचे रिवाज उचलून सरकारजवळ खुलासे मागण्यास आरंभ केला होता. मंडळी सारी गोरी व सरकारी पगाराची; तरी तें वरिष्ठांस रुचलें नाहीं. मग नेटिव सभासद येणार म्हटल्यावर तें दार आधींच लावून घेतलें गेलें, यांत नवल नाहीं!

१८९२ च्या कायद्यानें दार किंचित् किलकिलें झालें. अंदाजपत्रकावर बोलावें, पण मत मागूं नये. प्रश्न विचारावा, पण उत्तरावर चर्चा करूं नये. फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक, नामदार गोखले हे सर्व ह्याच चौकटींत मुंबईच्या मंडळांत बसले. ती चौकट किती अपुरी होती, तें १९०१ सालीं पुण्यास भरलेल्या बैठकींत दिसलें. सारा थकल्यामुळें सरकारजमा झालेली जमीन पुन्हां लागवडीस देतांना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्यास देऊं नये, अशी तजवीज करणारें विधेयक सरकारनें आणलें. सावकारापासून रयतेचें रक्षण हा त्याचा सांगितलेला हेतु. पण ज्यांच्या जमिनींचा हा प्रश्न, त्यांस विचारणार कोण? विधेयकावर आधीं लोकमत मागवावें, अशी सूचना मेहतांनीं मांडली. मंडळांत सरकारपक्षाचें मताधिक्य असल्यामुळें ती फेटाळली गेली. तेव्हां मेहता सभागृह सोडून गेले, व त्यांच्या मागोमाग गोखले आणि आणखी कांहीं सभासदही गेले. विधेयक अर्थातच मंजूर झालें. सभात्याग हें आज नित्याचें हत्यार झालें आहे. त्या दिवशीं मात्र नियमांनीं दुसरा मार्गच ठेवला नव्हता, असें माझें मत आहे.

१९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्न विचारणारास पूरक प्रश्नाची मुभा दिली. ठराव मांडण्याची व त्यावर मतें घेण्याची सोय झाली. ठराव मानणें न मानणें मात्र सरकारच्या मर्जीवर राहिलें. १९२१ पासून कोणाही सभासदास पूरक प्रश्न करतां येऊं लागला, आणि खुर्चीवर गव्हर्नराच्या जागीं सर नारायण चंदावरकर हे अध्यक्ष म्हणून बसले. तेही सरकारनियुक्तच, परंतु राज्यकर्ता व सभापति हे दोन निराळे असावेत, एवढें तरी मान्य झालें.

पुढें १९३५ च्या कायद्यानें सभागृहास स्वतःचे नियम स्वतः करण्याचा अधिकार बव्हंशीं दिला. तरी कामकाज इंग्रजींतच चालावें, असें कलम त्यांत होतें; इंग्रजी पुरेसें न येणाऱ्यापुरतीच स्वभाषेची सवलत. १९३७ सालीं १७५ सभासदांच्या मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदीं गणेश वासुदेव मावळंकर आले. ते अहमदाबादचे वकील, पण घराणें कोंकणांतलें. तेच १९५२ सालीं लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. मंत्र्यांनीं सभागृहांत दिलेलीं आश्वासनें पाळलीं जातात कीं नाहीं, हें पाहणारी समिति त्यांच्याच कारकीर्दींत, १९५३ सालीं, स्थापन झाली. अशी समिति आज आपल्या विधानसभेसही आहे.

असे हे अधिकार कायमचे हातीं आले, असें मानून मात्र चालत नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें साथीच्या कारणास्तव संसदेच्या अधिवेशनांतून प्रश्नोत्तरांचा तासच वगळण्यांत आला. लेखी उत्तरें मिळत होतीं. पूरक प्रश्न विचारण्याची सोय त्या अधिवेशनापुरती नव्हती.