तीन आण्यांचा हिशेब

दिवाळीच्या खर्चाची वही उघडली, की वाचकहो, मला वृत्तांतांत वाचलेली १९६३ ची लोकसभा हटकून आठवते. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच आलेले डॉ. राममनोहर लोहिया विरोधी बाकावरून म्हणाले, देशातील सत्तावीस कोटी माणसे रोजी तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आणे सांगितले. अहो, पण ती सरासरी! तीत गिरणीमालकही आला आणि त्याच्याकडची मोलकरीणही. लोहियांनी बोट ठेवले ते नेमके तेथेच. मग मंत्री गुलझारीलाल नंदा उत्तराला उभे राहिले. तळच्या साठ टक्क्यांचा आकडा त्यांनी साडेसात आणे दिला. लोहियांचे तीन आणे त्यांनी मानले नाहीत. पण सरकारच्याच तोंडून पंधराचे साडेसात झाले होते.