टूसॉन परिसर : वाळवंटातील वसंत

टूसॉन : अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्याच्या दक्षिण भागातील शहर व त्याभोवतीचे खोरे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 730 मी. आणि लोकसंख्या 5,42,629 (2020). उत्तरेस सांता कॅटलिना, पूर्वेस रिंकन, दक्षिणेस सांता रीटा आणि पश्चिमेस टूसॉन डोंगर अशा रांगांनी खोरे वेढलेले आहे. मधून जाणारी सांता क्रूझ नदी वर्षाचा बहुतेक काळ कोरडी असते. ‘चुक शोन’ म्हणजे काळ्या टेकडीचा पायथा, या मूळनिवासी ओओधाम लोकांच्या भाषेतील नावावरून शहराचे नाव आले. स्पॅनिश लोकांनी येथे 1775 मध्ये लष्करी ठाणे वसवले. सोनोरन वाळवंटातील झाडे, फुले आणि प्राणी वसंतात पाहण्यासाठी या परिसराइतकी सोयीची जागा सापडणे कठीण आहे. ही नोंद त्या दृष्टीनेच लिहिली आहे.

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या आणि उंट डोळ्यांपुढे येतात. येथे त्यांपैकी काहीच नाही. टूसॉनला वर्षाला सुमारे 27 ते 30 सें.मी. पाऊस पडतो. आपल्या माणदेशातही याहून जास्त पडतो. तरीही येथील डोंगरउतार हिरवे दिसतात, कारण हा पाऊस दोन हप्त्यांत येतो. हिवाळ्यात पॅसिफिककडून संथ रिमझिम येते, तर जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाटी सरी कोसळतात. या सरींना तिथली माणसेही ‘मॉन्सून’च म्हणतात. वर्षाचे ऋतू चार न मोजता पाच मोजण्याची इथल्या निसर्गअभ्यासकांची पद्धत आहे. वसंत आणि मॉन्सून यांच्यामध्ये ते मे-जूनचा एक कोरडा उन्हाळा वेगळा धरतात. वैशाख वणवा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही गणना लगेच पटेल.

युरोपीय वसंत थंडीतून उबेकडे येतो, तर टूसॉनचा वसंत सौम्य उन्हातून भाजणाऱ्या उन्हाकडे जातो. मार्चमध्ये दुपारचे तापमान 23-24 अंश असते, जूनअखेर ते 38 च्याही पुढे जाते. या चार महिन्यांत फुलोरा जमिनीपासून वर चढत जातो. आधी भुईवरच्या रोपट्यांचा, मग झुडपांचा, मग झाडांचा, आणि सर्वांत शेवटी उंच खांबांसारख्या निवडुंगांच्या शेंड्यांचा. हा क्रम लक्षात ठेवला की कोणत्या आठवड्यात काय पाहायचे हे आपोआप कळते.

पहिला टप्पा फेब्रुवारी-मार्चचा. केशरी-पिवळी मेक्सिकन पॉपी, निळी ल्युपिन, जांभळट आऊल क्लोव्हर ही सारी एका हंगामाची रोपे. त्यांची बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते. शरदाच्या शेवटी साधारण 25 मि.मी. चांगला पाऊस झाला तरच ती रुजते, आणि पुढे हिवाळाभर अधूनमधून शिडकावे झाले तरच फुलते. त्यामुळे फुलांचा गालिचा दरवर्षी मिळत नाही. 2019 व 2023 च्या वसंतात टूसॉन आणि फीनिक्सच्या मधल्या पिकाचो पीक या डोंगराचे पायथे पॉपीने केशरी झाले होते. कोरड्या वर्षी त्याच उतारावर खडकच दिसतात. खात्रीच्या फुलांसाठी मात्र ब्रिटलबुश हे झुडूप आहे. करडी पाने, त्यांवर पिवळ्या फुलांच्या छत्र्या, आणि पावसाने थोडी साथ दिली तर सगळा उतार पिवळा.

एप्रिल हा पालो वेर्देचा महिना. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ ‘हिरवी काठी’. झाडाची साल हिरवी असते आणि पाने गळून गेल्यावरही खोड व फांद्या उन्हातून अन्न बनवत राहतात. अ‍ॅरिझोनाने 1954 मध्ये याला राज्यवृक्ष केले. फुलोऱ्याच्या आठवड्यात खोऱ्यातले ओढे-नाले पिवळे होतात आणि रस्त्याच्या कडेला पाकळ्यांचा थर साचतो. आपल्याकडच्या बहाव्याची आठवण यावी असा हा बहर आहे. याच सुमारास ओकोटीयोच्या काटेरी छड्यांच्या टोकाला लाल तुरे येतात आणि उत्तरेकडे निघालेले हमिंगबर्ड त्यांवर थांबत पुढे जातात. हमिंगबर्ड हे अमेरिका खंडांचेच पक्षी. आपल्याकडे फुलांवर मध शोधत फिरणारा शिंजीर वेगळ्या कुळातला आहे.

या भूमीतल्या अनेक वनस्पती मराठी माणसाच्या ओळखीच्या आहेत, हे येथे सांगायलाच हवे. शेताच्या बांधावरचा फड्या निवडुंग आणि घायपात ही दोन्ही मूळची अमेरिकेची. माळरानांवर पसरलेली वेडी बाभूळ आणि टूसॉनच्या नाल्यांतील मेस्कीट ही एकाच गोतातली. ओओधाम लोक मेस्कीटच्या शेंगा दळून गोडसर पीठ करतात. आपण ज्यांच्याकडे कुंपण म्हणून पाहतो ती झाडे तिथे धान्याच्या कोठाराची जागा घेतात. एप्रिलमध्ये चोया निवडुंगाच्या न उमललेल्या कळ्या तोडायच्या, काटे झाडायचे आणि त्या खड्ड्यात भाजायच्या, हीही तिथली जुनी रीत आहे. त्या कळ्यांत कॅल्शियम भरपूर असते.

परिसरातील सर्वांत मोठे आकर्षण सवारो. रोमन लिपीत लिहिताना ‘ग’ येतो, बोलताना नाही. या निवडुंगाचे शास्त्रीय नाव कार्नेगिया जायगँटिया, आणि ते उद्योगपती अँड्रू कार्नेगी यांच्यावरून पडले आहे. त्यांच्या नावाच्या वॉशिंग्टनमधील संस्थेने टूसॉनच्या तुमामोक टेकडीवर 1903 मध्ये वाळवंट प्रयोगशाळा उभारली. 1906 पासून तिथे ठरावीक तुकड्यांतील झाडांची नोंद होत आली आहे. जगात इतका काळ चालू राहिलेले वनस्पतिनिरीक्षण दुर्मीळ आहे. सवारो समजायला असाच धीर लागतो. बी रुजल्यावर पहिल्या आठ-दहा वर्षांत रोप जेमतेम बोटाच्या पेराएवढे होते. पहिले फूल साधारण पस्तिशीत येते आणि हातांसारख्या फांद्या पन्नाशी-साठीनंतर फुटतात. उंची 12 मीटरवर जाते, आयुष्य दीडशे वर्षांहून जास्त असू शकते.

एवढ्या मोठ्या झाडाचे बालपण मात्र दुसऱ्याच्या आश्रयात जाते. उघड्या जमिनीवर रुजलेले रोप उन्हाने करपते, थंडीने गोठते किंवा उंदीर-सशांच्या तोंडी पडते. पालो वेर्दे, मेस्कीट वा आयर्नवुडच्या सावलीत रुजलेलेच बहुधा टिकते. या झाडांना तिथे ‘दाई झाड’ अशा अर्थाचे नाव आहे. रिंकन डोंगराच्या पायथ्याचे दाट सवारो-वन पाहूनच 1 मार्च 1933 रोजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी तो भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला. त्यासाठी अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे अध्यक्ष व वनस्पतिशास्त्रज्ञ होमर शँट्झ यांनी खटपट केली होती. पण राखीव होऊनही पुढची काही दशके वन विरळ होत गेले. चुन्याच्या भट्ट्यांसाठी आधीच दाई झाडे तोडली गेली होती, गुरे चरत होती, आणि जुने सवारो थंडीच्या लाटांत मरत होते. मोठे मरत होते आणि लहानांना सावलीच नव्हती. तोड आणि चराई थांबल्यावर झुडपे परतली, त्यांच्या खाली नवे सवारो आले, आणि आज तिथे तरुण पिढी मोजता येते. माझ्या मते साऱ्या परिसरात पाहण्यासारखी पहिली गोष्ट हीच. भव्य खांब पाहून झाले की खाली वाकून पालो वेर्देच्या बुंध्याशी शोधावे. मुठीएवढा सवारो दिसला तर तो कदाचित पाहणाऱ्याच्याच वयाचा असेल. 14 ऑक्टोबर 1994 रोजी हे स्मारक सवारो राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे दोन भाग शहराच्या पूर्वेस व पश्चिमेस आहेत.

सवारो फुलतो तो मे महिन्यात. मेणचट पांढरी फुले सूर्यास्तानंतर उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. प्रत्येक फुलाला एवढाच वेळ. रात्री मेक्सिकोहून आलेली लांब नाकाची वटवाघळे, सकाळी पांढऱ्या पंखांची पारवी आणि मधमाश्या त्यांवर येतात. ही वटवाघळे संकटग्रस्त यादीत होती, पण संख्या सावरल्याने 2018 मध्ये ती यादीतून बाहेर आली. खोडात हीला सुतारपक्षी भोके पाडतो. झाड जखमेभोवती टणक कवच धरते, आणि सुतारपक्षी निघून गेल्यावर त्या कोनाड्यात एल्फ आऊल राहायला येते. जगातले हे सर्वांत लहान घुबड सुमारे 40 ग्रॅम वजनाचे असते आणि वसंताच्या आरंभी दक्षिणेकडून येते. मेमधील चांदण्या रात्री राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला शांत उभे राहिले तर त्याची हसल्यासारखी चिरचिर ऐकू येते.

पाहुण्याने पहिला दिवस द्यावा तो अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियमला. विल्यम कार आणि आर्थर पॅक यांनी 1952 मध्ये टूसॉन डोंगरात हे सुरू केले. नावात संग्रहालय असले तरी 98 एकरांपैकी बहुतेक जागा उघड्यावर आहे. प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान आणि निसर्गसंग्रहालय हे तिन्ही येथे एकाच पायवाटेवर भेटतात. त्यातला हमिंगबर्डचा बंदिस्त बगीचा वसंतात चुकवू नये. अंगठ्याएवढे पक्षी कानाजवळून गुंजत जातात, आणि कोळ्याच्या जाळ्याने शिवलेली त्यांची घरटी हाताच्या अंतरावर दिसतात. हॅरिस ससाण्यांचे उड्डाण थंडीच्या महिन्यांपासून वसंताच्या मध्यापर्यंत दाखवतात. हे शिकारी पक्षी टोळीने शिकार करतात. शिकारी पक्ष्यांत हे फार क्वचित आढळते.

शहराच्या वायव्येस तोहोनो चुल ही 49 एकरांची बाग 1985 पासून लोकांसाठी खुली आहे. नावाचा अर्थ ‘वाळवंटाचा कोपरा’. ही बाग पाण्याने हिरवीगार ठेवलेली नाही. सावली कुठे पडते, नाल्याचे पाणी कुठे थबकते, यावर तिची आखणी आहे. येथे राखलेला ‘रात्रीची राणी’ म्हणून ओळखला जाणारा निवडुंग वर्षभर वाळक्या काटकीसारखा दिसतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रात्री मात्र त्याला सुगंधी पांढरी फुले येतात. ती रात्र जवळ आली की बाग जाहीर करते आणि माणसे कंदिलांच्या उजेडात वाटांवर जमतात. ब्रह्मकमळ फुलण्याच्या रात्री शेजाऱ्यांना बोलावणाऱ्या मराठी घरांना हा सोहळा परका वाटणार नाही. कुंडीतले ते ब्रह्मकमळही निवडुंगच आहे आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेले आहे.

सेंटिनल टेकडीच्या पायथ्याची मिशन गार्डन ही बाग लहान आहे, पण अर्थाने मोठी. येथील खोऱ्यात चार हजारांहून अधिक वर्षे शेती होत आली आहे. ओओधाम लोकांच्या टेपरी शेंगा व मका यांपासून स्पॅनिशांनी आणलेल्या अंजीर-डाळिंबापर्यंत त्या शेतीचे थर येथे शेजारी शेजारी लावले आहेत. 2015 मध्ये युनेस्कोने टूसॉनला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून निवडले. अमेरिकेतील हे पहिलेच. सांता कॅटलिनाच्या पायथ्याशी साबिनो घळ आहे. वरचे बर्फ वितळून तिथल्या ओढ्याला वसंतात पाणी येते. ज्यांना वाळवंटात पाय पाण्यात बुडवून बसायचे आहे त्यांच्यासाठी ती जागा. त्याच रांगेतील माउंट लेमन (सुमारे 2,790 मी.) हे शिखर 1881 मध्ये तिथे चढलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ सारा प्लमर लेमन यांच्या नावाने ओळखले जाते. गाडीने तासाभरात निवडुंगातून पाइनच्या जंगलात जाता येते.

वसंतात प्राणीही बिळांबाहेर येतात, तेव्हा काही गोष्टी पाळाव्यात. रॅटलस्नेक पाहिला तर थांबून मागे सरावे. हीला मॉन्स्टर ही काळ्या-गुलाबी ठिपक्यांची विषारी घोरपडीसारखी पाल बहुतेक आयुष्य जमिनीखाली काढते, म्हणून ती दिसणे हे भाग्यच. तिला 1952 पासून कायद्याचे संरक्षण आहे. वाळवंटी कासव कितीही गोड वाटले तरी उचलू नये. घाबरून ते मूत्राशयात साठवलेले पाणी सोडते आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत त्याच्या जिवावर बेतू शकते. चोयाचे तुकडे जरा स्पर्श होताच कपड्यांना चिकटतात. म्हणून स्थानिक लोक खिशात कंगवा ठेवतात, त्याने तुकडा झटक्यात उडवता येतो. फिरणे सकाळी दहाच्या आत आटपावे.

या परिसरापुढचे खरे संकट एका गवताचे आहे. आपल्याकडे ज्याला अंजन म्हणतात आणि दुष्काळी भागात चारा म्हणून जे मुद्दाम पेरतात, ते बफेल गवत विसाव्या शतकात तिथेही चाऱ्यासाठी नेले गेले. मूळच्या वाळवंटात झाडांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे आग पसरत नाही. हे गवत ती जागा भरून टाकते आणि वाळल्यावर इंधन होते. सवारो आणि पालो वेर्दे आगीला सोसणारी झाडे नव्हेत. म्हणून दर हिवाळ्यात स्वयंसेवक कुदळी घेऊन उतारांवर जातात आणि गवताचे ठोंब मुळासकट उपटतात. जमीन ओली असेल तर काम सोपे जाते.

जूनअखेर सवारोची फळे फुटून लाल होतात. तोहोनो ओओधाम कुटुंबे मेलेल्या सवारोच्या बरगड्यांच्या लांब काठ्यांनी ती उतरवतात, गर उकळून पाक करतात, त्यातलाच काही आंबवून पावसासाठीच्या विधीत पितात. त्यांचे नवे वर्ष याच कापणीने सुरू होते. मग पहिल्या सरीच्या आधी क्रिओसोट झुडपांच्या पानांचा राळेसारखा वास खोऱ्यात पसरतो, आणि डोंगरांमागे ढग चढू लागतात.