काळी ज्वारी कुणाच्या ताटात?

आमच्या नांदेड-लातूरकडच्या जुन्या गावरान ज्वाऱ्या उशिरा निसवायच्या. पाऊस ओसरल्यावर कोरड्या हवेत दाणा भरायचा, म्हणून तो सहसा पांढराशुभ्र उतरायचा. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि पुढच्या वर्षांत खरिपात हायब्रीड पसरली. उतारा वाढला, घरात धान्य आलं. पण शंभर-एकशे दहा दिवसांत पिकणारं तिचं कणीस नेमकं परतीच्या पावसात सापडायचं. दाण्यावर बुरशी चढायची आणि ज्वारी काळी पडायची.

माझे वडील नांदेडच्या मोंढ्यात मुनीम होते. खरेदीदार पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसायचा, तळहातावर आलेले दाणे उजेडात फिरवायचा, एक दाताखाली फोडायचा, मूठ नाकाशी न्यायचा आणि भाव पाडायचा. तपासणी म्हणजे एवढीच. न विकलेला माल गावी परत जायचा आणि त्याची भाकरी आधी सालगड्याच्या ताटात पडायची.

ती भाकरी किती बाधू शकते, हे १९९५ मध्ये शेजारच्या कर्नाटक-आंध्रात दिसलं. अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन काही गावांत पोटदुखी, गुरगुर आणि जुलाब सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना त्या धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. हे विष फ्युजारियम बुरशी तयार करते आणि ती असते पांढरट-गुलाबी. काळेपणा बऱ्याचदा कर्व्हुलॅरियासारख्या वेगळ्याच बुरशीचा. म्हणजे रंगावरून भाव ठरत होता, पण विष रंगावरून कळत नव्हतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं बुरशीपुढे तग धरणारा ‘परभणी श्वेता’ हा ज्वारीचा वाण दिला, पण तोवर सोयाबीननं खरीप ज्वारीचं रान व्यापायला सुरुवात केली होती. आता धान्यातलं हे विष तपासण्याच्या पट्ट्याही आल्या आहेत. धान्य दळायचं, अर्क काढायचा, पट्टी बुडवायची. काही मिनिटांत निकाल. बहुतेक पट्ट्यांवर विष जितकं जास्त, तितकी तपासणीची रेघ फिकी. मात्र विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. ठिकठिकाणचं धान्य एकत्र करून दळलं नाही, तर निकाल फसवा येतो.

ही पट्टी फक्त खरेदीदाराच्या हाती राहिली, तर भाव पाडायला आणखी एक निमित्त मिळेल. ती मोंढ्यात, शेतकऱ्यासमोर, बाजार समितीच्या खर्चानं लागली पाहिजे. आणि नापास माल मोबदला देऊन तिथंच बाजूला काढला पाहिजे. नाहीतर तो पुन्हा गरिबाच्याच चुलीवर जाईल.