‘ऑफर’ शब्दाचें मूळ

‘ऑफर’ हा इंग्रजी शब्द आम्ही बाजारांत ऐकतों. परंतु इंग्रजींत तो प्रथम वेदीच्या वाटेनें आला. लॅटिन ‘ओफ्फेर्रे’ म्हणजे समोर नेऊन ठेवणें. पोप संत ग्रेगरी यांनीं धाडलेले संत ऑगस्टीन इ. स. ५९७ मध्यें केंट येथें पोंचले. इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म रुजला, तसा हा शब्दही ‘ऑफ्रिअन’ या रूपानें रुजला. त्याचा अर्थ देवास यज्ञ अर्पिणें. पुढें १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच भाषेच्या सहवासानें ‘देऊं करणें’ हा व्यावहारिक अर्थ बळावला.

व्यवहारांत देऊं केलेली वस्तु दुसऱ्याच्या होकारापर्यंत आमचीच असते. वेदीवर ठेविलेली आमची उरत नाहीं. मिस्सेंत भाकर व द्राक्षारस अर्पण होतांना आम्ही कोणत्या अर्थानें देतों, हें ज्यानें त्यानें आपल्या अंतःकरणास विचारावें.