घरगुती बालछायाचित्रण

घरातील मुलांची, एकेकट्याने किंवा कुटुंबासह, घराच्याच परिसरात व मुख्यतः नैसर्गिक उजेडात व्यक्तिचित्रे टिपण्याचे छायाचित्रण. मुलाचे रूप, वय आणि स्वभाव घरच्या माणसाला ओळखीचा वाटेल असा उतरणे, ही त्याची कसोटी होय. ते साधते उजेड, कॅमेऱ्याची उंची आणि सबुरी यांमुळे. कॅमेऱ्याच्या किमतीला त्यात दुय्यम स्थान आहे. या नोंदीत भंडारा जिल्ह्यातील कोंढा (ता. पवनी) परिसरातील ऊन, घरे व सण उदाहरणादाखल घेतले आहेत.

इतिहास : १८३९ मध्ये जाहीर झालेल्या डागेरोटाइप तंत्रात एका चित्राला कित्येक सेकंद, कधी मिनिटे लागत. तेवढा वेळ मूल स्थिर राहत नसे आणि चेहरा पुसट येई. म्हणून युरोप-अमेरिकेतील स्टुडिओंत आईला कापडाने झाकून बसवत आणि तिच्या मांडीवर मूल देत. चित्रात दिसे ते फक्त मूल. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनची कोरडी काच सुचवली आणि पुढे ती सुधारल्यावर क्षणार्धात चित्र घेणे शक्य झाले. १९०० मध्ये कोडॅकचा ब्राउनी हा एक डॉलरचा कॅमेरा निघाला व छायाचित्रण सामान्य घरांत पोचले.

मराठी माणसाने आपल्या मुलीचा चेहरा बारकाईने टिपल्याचे ठळक उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटात त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. कथेपूर्वी या सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरील बदलते भाव जवळून दाखवले आहेत. मुलाचा नुसता चेहराही पाहणाऱ्याला धरून ठेवतो, हे त्यातून दिसते.

उजेड : कोंढा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात तेथे मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. अशा उन्हात अंगणात उभ्या केलेल्या मुलाचे डोळे खोबणीत काळे पडतात आणि नाक व कपाळ पांढरे फटक होते. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सुमारे ४५ अंशांवर असतो व ऊन ओसरीत तिरपे शिरते. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर फोटो घ्यावेत. एरवी सपरीची (पडवीची) सावली दिवसभर उपयोगी पडते. मुलाला सावलीच्या कडेशी, तोंड उघड्या अंगणाकडे करून बसवले की आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आणि बुबुळात उजेडाचा ठिपका चमकतो. हा ठिपका दिसला नाही, तर मुलाचे तोंड उजेडाकडे थोडे वळवावे.

कवेलूच्या (कौलारू) घरात आतला उजेड बहुधा दारातून व लहान खिडकीतून येतो. खिडकीपासून हातभर अंतरावर चेहरा उजळ दिसतो. आत सरकावे तसा उजेड झपाट्याने घटतो. खिडकीकडील गाल उजळ आणि दुसरा फार काळा दिसत असेल, तर त्या बाजूला पांढरे धोतर किंवा चादर धरावी. चुन्याची भिंतही हेच काम करते. गडद हिरव्या वा निळ्या भिंतीची झाक मात्र चेहऱ्यावर उतरते, म्हणून मुलाला तिच्यापासून दूर बसवावे. विजेचे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यांच्या उजेडात फार वेगवान शटर वापरल्यास चित्रात आडवे पट्टे येतात. अशा वेळी शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. समोरून पडणाऱ्या फ्लॅशने चेहऱ्याचा उठाव जातो.

कॅमेरा व अंतर : मोबाइलची मुख्य भिंग-रचना रुंद दृश्य टिपणारी असते. ती चेहऱ्याजवळ नेली की नाक मोठे व कान लहान दिसतात. दीड-दोन मीटर मागे राहून दुप्पट झूम वापरावा. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. त्यासाठी मोठ्या माणसाने जमिनीवर बसावे, रांगत्या बाळासाठी पालथे पडावे. उभ्याने वरून घेतलेल्या फोटोत डोके मोठे व पाय आखूड दिसतात. बसलेल्या मुलास १/१२५, खेळणाऱ्यास १/२५० आणि धावणाऱ्यास १/५०० सेकंद शटर पुरते. फोकस डोळ्यांवर ठेवावा.

मुलाचे वागणे : ‘हस’ म्हटल्यावर मूल दात दाखवते, हसत नाही. त्याच्या हाती काम द्यावे : शेंगा सोलणे, आजीच्या डब्यातली बटणे निवडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे. काम चालू असताना आणि ते संपवून मूल वर पाहते त्या क्षणी सलग फोटो घ्यावेत. झोप झालेली व पोट भरलेले असावे. मूल कंटाळले की थांबावे. जबरदस्तीने घेतलेल्या चित्रात ती जबरदस्तीच दिसते. तान्ह्या बाळाला मान सावरेपर्यंत टेकून बसवू नये. आईच्या हातात किंवा गोधडीवर उताणे ठेवावे. आजीआजोबांसह चित्र घेताना सर्वांचे चेहरे जवळजवळ एका रेषेत आणावेत. नेहमी फोटो काढणारी व्यक्ती चित्राबाहेर राहते, म्हणून कॅमेरा आळीपाळीने दुसऱ्याकडे द्यावा.

सणांतील प्रसंग : संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बाळाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालतात. काळ्या कापडामुळे कॅमेरा सगळे चित्र अधिक उजळ करतो, हलव्याचा हार पांढरा डाग बनतो आणि चेहरा फिका पडतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून, हलव्यावरचे काटे दिसू लागेपर्यंत उजळपणा खाली आणावा. बोरे-मुरमुरे डोक्यावर ओतण्यापूर्वीच कॅमेरा तयार ठेवावा. पहिल्या ओंजळीला बाळ दचकते, मग वेचू लागते आणि ते वेचणेच टिपण्याजोगे असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले सजवलेले लाकडी नंदी घेऊन येतात आणि घरोघरी बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागतात. पावसाळी ढगांमुळे या दिवशी उजेड बहुधा मऊ असतो. नंदी व मूल दोन्ही येतील असा एक फोटो नंदीच्या उंचीवरून घ्यावा आणि एक फक्त चेहऱ्याचा. फिल्टर लावून मुलाचा सावळा रंग उजळ करू नये. तो त्याचा स्वतःचा रंग आहे. चित्रात तो गाळला, तर मोठेपणी मुलाला आपले लहानपणीचे खरे रूप दिसत नाही.

जतन व प्रसारण : मोबाइल हरवला की बालपणाची सगळी चित्रे जाऊ शकतात. निवडक चित्रांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, असाव्यात. वर्षातून काही चित्रे ४ × ६ इंच आकारात छापून मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहावी. पावसाळ्यातील दमटपणामुळे छापील फोटोंना बुरशी लागते, म्हणून अल्बम ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवावा. आंघोळीचे किंवा उघड्या अंगाचे फोटो कोठेही पाठवू नयेत. इतर फोटो पाठवण्यापूर्वी शाळेचे नाव, गणवेशावरील चिन्ह व स्थळाची नोंद काढून टाकावी. समजू लागलेल्या मुलाला आधी विचारावे आणि त्याचा नकार पाळावा.